आईनं पाणी का सोडलं

पौष महिना, शनिवार, १९७३ सालची सुरुवात. ठिकाण शनिशिंगणापूर, माझं माहेरचं घर. हजर माणसं: आई, वय सत्तरीच्या पुढं, धाकटा भाऊ नामदेव, त्याची बायको कौसल्या, गल्लीतल्या चार-पाच बायका, आणि मी, इंदू, श्रीरामपूरहून एस.टी.नं सोनईपर्यंत आणि पुढं बैलगाडीनं आलेली.

मी श्रीरामपूरला मुलींच्या एका वसतिगृहाची कोठी सांभाळते. दिवसाची कामं कागदावर उतरवल्याशिवाय मला काही सुचत नाही, म्हणून हेही जसं घडलं त्याच क्रमानं लिहिते. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना उपयोग व्हावा एवढाच हेतू. औषधांची नावं लिहिणार नाही. ती डॉक्टरांनी सांगायची.

नामदेवचा निरोप एवढाच होता: आई पडली आणि आता भलतंसलतं बोलते, लगेच ये. मी पोचले तेव्हा आई भिंतीला टेकून वाकळीवर बसली होती आणि गल्लीतल्या बायका एकेक करून तिच्या पाया पडत होत्या. मला काही समजेना.

"आजींनी पानी सोडलंय," एकजण माझ्या कानाशी म्हणाली. "पावसासाठी नवस. आवंदा एवढा दुष्काळ हाय, कुनी न्हाई सोडलं, त्येंनी सोडलं. लई मोठं मन."

मी आईजवळ बसले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "चंद्रे, शेळी सुटली बघ." चंद्रा म्हणजे तिची बहीण. ती जाऊन वीस वर्षं झाली असतील.

ओठ फाटलेले, जीभ सुकून लाकडासारखी. कपाळ तापलेलं. हाताची कातडी चिमटीत धरली तर ती तशीच उभी राहिली. बेंबीखाली हात लावल्याबरोबर तिनं माझं मनगट घट्ट पकडलं. पोट तिथं दगडासारखं होतं.

कौसल्या चुलीपाशी होती. मी आत गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, नवसाचं मला काय ठावं न्हाई. आत्याबाई मला काय बोलल्या न्हाईत. पन कपडे सारखे वले हुत्यात. वास येतो. म्हून मी बी संध्याकाळचं पानी द्यायचं बंद केलं. गळतंय तर वरून आनखी कशाला घालायचं म्हटलं."

"नामदेव काय म्हणतो?"

"त्ये तेल वाहून आले. दोन शनिवार झाले."

मी बाहेर येऊन नामदेवला गाडी जुंपायला सांगितली. तो म्हणाला, "आक्का, आज शनवार हाय. आजच्या दिशी आईला गावाबाहेर काढायचं?" मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबलो तर तिला बाहेर काढायला आणखी माणसं लागतील. तो बैल जुंपायला गेला.

एक बाई मात्र उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "आन नवस? अर्धाच सोडायचा?"

"नवस मी घेते."

"मंग तुमी पानी सोडा."

"सोडते. श्रीरामपूर येईपर्यंत."

एसटीत कंडक्टरनं मागची अख्खी सीट रिकामी करून दिली. आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून वाटभर शेळीलाच हाका मारत होती. मी खरोखरच पाणी प्यायले नाही. श्रद्धा म्हणून नव्हे. आईला सोडून तांब्यापर्यंत हात पोचत नव्हता.

*दवाखाना*

डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आईचं पोट दाबलं, खालच्या बाजूला बोटांनी ठोकून पाहिलं आणि विचारलं, "लघवी कधीपासून होत नाही?"

"होत नाही कशी? सारखी होतेय. लुगडी बदलून बदलून भावजय थकली."

"ती होत नाही बाई, गळतेय. माठ काठोकाठ भरला की कडेनं ओघळतो, तसं. पिशवी भरून ताणलीय आणि मोकळी होत नाहीये. आत साचलेलं नासलंय. शिवाय पोटात पाणी नाही म्हणून शौचाला कितीतरी दिवस झालेलं दिसत नाही, त्याचाही पिशवीवर दाब आहे."

नळी घालून त्यांनी लघवी काढली. तिचा रंग चहाच्या चोथ्यासारखा होता आणि वासानं नामदेव बाहेर निघून गेला. पुढं डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते मी इथं मुद्दाम लिहिते, कारण आमच्या घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत दोष झाला तर जळजळ, दुखणं यांची तक्रार तो करेलच असं नाही. तो एकदम बरळायला लागतो, पडतो, माणसं ओळखत नाही. तरण्या माणसाला ताप येतो, म्हाताऱ्याचं डोकं फिरतं. ते वेड नसतं आणि बाहेरचंही काही नसतं.

"बऱ्या होतील ना?" मी विचारलं.

"उशीर झालाय. विष अंगात उतरायला लागलंय. आज-उद्या मी काही बोलणार नाही."

बाहेर निंबाखाली नामदेव उकिडवा बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. पाणी न पिण्यानं हे झालं म्हटल्यावर तो उसळला. "म्हंजे कौसल्येनं केलं हे. पानी तोडलं तिनं."

"तिनं संध्याकाळचं तोडलं. दिवसाचं कुणी तोडलं?"

"आईनं. नवस हुता की."

"तुला आईनं सांगितलं नवस आहे म्हणून?"

"न्हाई. लोकं म्हनत हुती. मी इचारलं तर ती काय बोलली न्हाई. मला वाटलं, नवस बोलू नये म्हून बोलत नसंल." मग माझ्यावरच घसरला, "तू एवढी शानी, महिनाभर फिरकली का न्हाईस?"

सलाइनच्या बाटल्या आणायच्या होत्या. त्याला त्या कामाला लावलं.

आईची खाट वॉर्डात खिडकीशी होती. शेजारच्या खाटेवर बेलापूरची रसूलबी, पाय मोडून पडलेली, पायाला वजन टांगलेलं. आईच्या खाटेखाली नळीची बाटली लावलेली असे आणि सकाळी सिस्टर त्यातली लघवी मोजून लिहून नेई. रसूलबीला त्या बाटलीत फार रस. "आज किती झाली गं?" असं मला रोज विचारायची आणि आकडा वाढला की साऱ्या वॉर्डाला ओरडून सांगायची. मला पहिल्यांदा लाज वाटली. नंतर मीच उठल्याबरोबर बाटली बघायला लागले. रंग चहाचा होता तो तेलाचा झाला, मग उसाच्या रसाचा.

तिथलं माझं काम ठरून गेलं होतं. कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, चमच्यानं पेज आणि पाणी द्यायचं, ओलं झालं की लगेच बदलायचं. आई एवढी हलकी झाली होती की वळवताना तिचं वजन लागायचं नाही, हाडं लागायची. उचलायला सोपी झाली म्हणून बरं वाटायचं आणि त्याच गोष्टीची भीतीही वाटायची. दुपारी ती झोपली की मी छातीकडं बघत बसे, हलतेय का म्हणून.

मग एका सकाळी पेज भरवताना तिनं माझा हात बाजूला केला. "इंदे, तू हितं? कोठी कुनावर टाकली?"

मी वाटी खाली ठेवली, व्हरांड्यात जाऊन तोंड धुतलं आणि परत आले. म्हटलं, "टाकलीय एकीवर. तूप जास्त जातंय, पण भागतंय."

"आन म्हस?"

"कौसल्या बघते."

"मंग हाय ठीक," म्हणाली आणि स्वतःच्या हातानं पेज प्यायली.

*पडदा*

नळी काढल्यावर आपल्या आपण लघवी झाली तरच घरी सोडणार, नाहीतर परत नळी, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. सिस्टरनं भांडं आणलं. आईनं तोंड फिरवलं. वॉर्डात भेटायला येणारी माणसं, झाडूवाला, चहावाला, सगळ्यांची ये-जा. दुपार टळली. पोट फुगायला लागलं. मी विनवलं, रागावले. ती म्हणाली, "मला झालीच न्हाई," आणि पाण्याचा पेला पालथा घातला.

सिस्टर एक लोखंडी चौकट ढकलत घेऊन आली. तिला तीन बाजूंनी हिरवं कापड लावलेलं होतं, खाली चाकं. तिनं ती खाटेभोवती लावली. आईनं प्रत्येक बाजूनं कापड ओढून पाहिलं, फटीतून कुठून दिसतं का तपासलं, आणि मग मला म्हणाली, "तू बी भायेर हो."

मी बाहेर झाले. आधी काहीच नाही. मग पत्र्याच्या भांड्यात आवाज आला आणि रसूलबी टांगलेल्या पायासकट ओरडली, "आला गं आला! तुझ्या नवसाचा पाऊस आला!"

पडद्याआडून आईचा आवाज, "कसला मेला नवस!"

सारा वॉर्ड हसला. पण संध्याकाळी मी तिचे पाय चोळत होते तेव्हा तिनं आपणहून सांगितलं.

आमच्या गावात घरांना दारं नसतात. चौकट असते, तिच्यात फळ्या बसत नाहीत, कडी-कुलूप नाही. राखण देवाची. कुत्रं शिरू नये म्हणून कुणी रात्री फळकूट टेकवून ठेवतं एवढंच. मी तिथंच वाढले आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, कारण बायका उजाडायच्या आत ओढ्याकडं जाऊन येत. आईही जायची. मग तिचे गुडघे गेले, पाय लटपटायला लागले. ओढ्याच्या उतारावर दोनदा पडली. कौसल्येनं आतल्या खोलीत राख घालून घमेलं ठेवलं.

"तिनं चांगलंच केलं," आई म्हणाली. "पन शनवारी दर्शनाची मानसं येत्यात. पानी मागायला सरळ आत. कुनी तेलाची वाटी ठिवायला. आपल्या घरात कुनालाबी मज्जाव न्हाई. मी बसलेली, आन एक बाप्या येऊन हुबा. म्हनला, आजी, तांब्या कुठं हाय. मी काय करू? उठता बी येईना. पानीच पिलं न्हाई तर बसायची पाळी कशाला येईल, म्हून सोडलं. मानसं म्हनली नवस, मी म्हनलं असू दे. खरं सांगन्यापरीस नवस बरा."

मी म्हटलं, "कौसल्येला तरी सांगायचं."

"तिला सांगून ती काय करनार? दार लावनार?"

*दार*

मी खरोखर तेच ठरवलं होतं. नामदेव आला तेव्हा म्हटलं, आतल्या खोलीला एक दार बसव. साधं, पत्र्याचं चालेल. त्याचा चेहरा उतरला. "आक्का, आपल्या गावात? कुनी न्हाई केलं आजवर." मी म्हटलं, देवाला आईची अडचण कळेल. तो काही बोलायच्या आत आईच बोलली. "दार लावलं तर मी त्या घरात पाय ठिवनार न्हाई. माझ्या एका मुतापायी गावाचं मोडायचं?"

मग मी तिला माझ्या खोलीवर घेऊन आले. वसतिगृहाच्या आवारात मला दोन खोल्या आहेत, मागं संडास आहे, त्याला दार आणि दाराला कडी. प्रश्न सुटला असं मला वाटलं. पहिल्याच दिवशी आई आत गेली, मी बाहेरून सांगितलं, "आई, कडी लाव," आणि कामाला लागले. बऱ्याच वेळानं दारावर थापा. तिनं कडी लावली होती, पण काढायची कशी ते तिला माहीत नव्हतं. जन्मात कधी कडी लावली नव्हती. खटक्यात अडकलेला दांडा वर उचलायचा असतो हे मी दाराबाहेरून ओरडून सांगत होते आणि ती तो ओढत होती. शेवटी सुतार बोलावून बिजागऱ्या काढाव्या लागल्या. बाहेर आली ती घामानं भिजलेली. त्या दिवसापासून ती आत जायची ती दार सताड उघडं ठेवून, आणि मी समोर पाठ करून उभी. म्हणजे होतं तिथंच आलो. पाणी पुन्हा कमी झालं. डॉक्टरबाईंकडं दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी लघवी बघून मान हलवली. म्हणाल्या, दुसऱ्यांदा असं झालं तर या वयात, या ताकदीत, त्या उठायच्या नाहीत.

उपाय आईलाच सापडला. वसतिगृहात मुलींच्या न्हाणीला दार नाही. समोर पुरुषभर उंचीची एक आडभिंत आहे. तिला वळसा घालून आत जायचं. बाहेरून कुणालाही काही दिसत नाही. आई काठी टेकत तिकडं गेली, वळसा घालून आत गेली, परत बाहेर आली, पुन्हा आत गेली. बराच वेळ आलीच नाही. मी बघायला गेले तर आतून म्हणाली, "हितं बरं हाय. दार बी न्हाई आन दिसत बी न्हाई." आणि बाहेर आल्यावर, "भिंतीला देव काय म्हनत न्हाई. नामदेवाला निरोप धाड."

*सध्या*

आई आता घरी आहे. ती परत आली तेव्हा उंबऱ्यात आडवी आलेली तीच बाई विचारायला आली होती, "आजी, नवस फिटला का वं?" आई म्हणाली, "फेडला डाक्टरनीनं. नळी घालून." त्यानंतर पाया पडायला कुणी आलं नाही.

ताकद परत आलेली नाही. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं की गेलेली सगळी मिळणार नाही, असलेली टिकवा. म्हणून ती खाटेवर बसल्या जागी पाय उचलते, खाटेची कड धरून उठते-बसते. खाटेपासून परसापर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर दोर ताणला आहे, तो धरून चालते. कौसल्या कामावर जायच्या आधी आणि आल्यावर पाणी हातात देते आणि संपेपर्यंत तिथून हलत नाही, मधल्या वेळेसाठी खाटेशी तांब्या भरून ठेवते. लघवीला बसल्यावर झाली म्हणून लगेच उठायचं नाही, जरा पुढं वाकून थांबायचं, मग पुन्हा बघायचं. त्यानं पिशवी मोकळी होते. पोट साफ ठेवायचं. आणि आईनं कधी कौसल्येला दुसऱ्याच नावानं हाक मारली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात न्यायचं. हे मी नामदेवकडून तोंडपाठ करून घेतलं आहे. तो वैतागून म्हणतो, "आक्का, मी काय तुझ्या बोर्डिंगातली पोरगी हाय का?" पण म्हणून दाखवतो.

परसात नामदेवनं खड्डा खणला, दोन फरशा टाकल्या. सोनईच्या सुतारानं आसनाला भोक असलेली लाकडी खुर्ची करून दिली, कारण तिचे गुडघे दुमडत नाहीत. राहिली आडभिंत. मातीचा गारा करायला पाणी नाही. विहिरीचा तळ दिसतोय आणि प्यायचं पाणी टँकरचं, ते भिंतीत घालायची कुणाची छाती नाही. म्हणून कोरडी दगडाची रचतोय. दगड विहीर खोल करताना निघालेले भरपूर पडून आहेत. पण माणसं नाहीत. नामदेव आणि कौसल्या दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात. दिवसभर दगड फोडून आल्यावर पुन्हा दगड रचायला अंगात काही उरत नाही. बाजारच्या दिवशी काम बंद असतं, तेवढाच दिवस, आणि त्यात चारा आणायचा असतो. आई खाट परसात ओढून घेऊन बसते आणि कुठला दगड कुठं बसेल ते सांगत राहते. एक थर तिनं पुरा मोडून परत रचायला लावला, फट दिसत होती म्हणून.

मागच्या खेपेला गेले तेव्हा भिंत तिच्या छातीपर्यंत आली होती. मी खूश होऊन म्हटलं, "झालंच की आई आता."

"बसले म्हंजे झाकती," ती म्हणाली. "उठले की सारा गाव मला बघतो आन मी गावाला."

त्यामुळं ती आता रोज पाणी पिते. शनिवार सोडून. शनिवारी माणसांची वर्दळ असते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळपासून ती पेला बाजूला सारते आणि शनिवारी कौसल्येनं भरून ठेवलेला तांब्या दिवेलागणीला तसाच भरलेला असतो. एवढ्या एका दिवसानं काही होत नाही असं नामदेव म्हणतो. मला ते पटत नाही. शनिवार दर आठवड्याला येतो.

मी कोठीवरून रजा घेतली आहे. गुरुवारी जाते, म्हणजे शुक्रवारचा दिवस हातात राहील. दगड उचलायला मी आणि रचायला आई बसल्या जागेवरून. छातीपासून डोक्याच्या वरपर्यंतचे थर अजून रचायचे आहेत, आणि उठताना धरायला एक खुंटी बसवायची आहे.